पहिल्या घरातला काजवा

१

पाण्याला कर्करोग झाला होता. निदान यंत्राचं म्हणणं तरी तसंच होतं.

ठमीनं पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले, चष्मा पुसून पाहिले, आणि मग एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखबाई अशा वेळी जे करतात ते केलं. मावशीला फोन लावला.

मावशीचा आणि विज्ञानाचा संबंध तसा बेताचाच. तिची सारी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली होती. ती बाजारात शिरली की दुकानदार आपोआप पारडी पुसायला लागत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी लोक तिला तराजूमावशीच म्हणत, आणि कुणाचं काही हरवलं, बिनसलं की तिलाच बोलावत. ती यायची, थोडं बोलायची, पुष्कळ ऐकायची आणि मधूनमधून देवाचं नाव गुणगुणायची. त्या गुणगुणण्याला लोक जरा बिचकून असत. खोट सापडत आली की तिचा सूर चढतो, असा सगळ्यांचा अनुभव होता.

सकाळी ती पिशवी आणि छत्री घेऊन हजर झाली.

"हं, ठमे, सांग. पाण्यानं काय केलं?"

"मावशी, इथे मला सगळे मॅडम म्हणतात."

"म्हणू देत की. मी कुठे अडवतेय त्यांना?"

ठमीनं हसू दाबलं आणि एक पारदर्शक थाळी तिच्यापुढे ठेवली. थाळीत ओळीनं बोटाच्या पेरापेक्षाही लहान खळगे होते.

"यांना आम्ही घरं म्हणतो. एका घरात एका माणसाचं रक्त. त्यात आम्ही आमचे काजवे सोडतो. काजवे म्हणजे कण गं, इतके बारीक की धुळीचा कण त्यांच्यापुढे डोंगर. दिव्याखाली धरले की ते उजेड पिऊन घेतात, आणि दिवा विझला की सावकाश सोडत बसतात. प्रत्येकाला एक गळ लावलाय. स्वादुपिंडात रोग सुरू झाला की रक्तात एक प्रथिन उतरतं. ते असेल तर काजवा त्याला अडकून घरातच राहतो. नसेल तर धुताना वाहून जातो. मग थाळी अंधारात यंत्रात सरकवायची आणि कुठल्या घरात किती उजेड आहे ते मोजायचं."

"म्हणजे पाहुणा घरात असेल तरच दिवा."

"अगदी. रोग इवलासा असतानाच कळतो. काल मी परीक्षा म्हणून सगळ्या घरांत नुसतं शुद्ध पाणी भरलं. तर पहिल्या घरात दिवा."

"बाकीच्या घरांत?"

"अंधार. पाण्याचं मी अजून कुणाला बोलले नाही. पण त्याआधीच कपाटातून काजव्यांची एक बाटली गेलीय, ते सगळ्यांना माहीत आहे. मावशी, कुणीतरी ते चोरून माझ्या घरांत टाकतंय."

"मग शोधू सावकाश."

"सावकाश जमणार नाही." ठमी खिडकीपाशी गेली. खाली अंगणातल्या बाकावर एक बाई मांडीवर पुस्तक घेऊन बसली होती. "ती वाचनालय सांभाळते. तिच्या पोटाच्या तपासणीत एक पुसट सावली दिसली. डॉक्टरांचं एकमत होईना, म्हणून आमच्या चाचणीवर सोपवलं. आता परवा सकाळी ऑपरेशन आहे, अर्धं स्वादुपिंड काढणार आहेत. आणि तिचं रक्त पहिल्या घरात होतं."

"मग थांबव त्यांना."

"थांबवलं आणि रोग खरा असला तर? तो रोग वाट बघत बसत नाही. पुन्हा रक्त घ्यायला बोलावलंय तिला. पण आत कोण घोळ करतंय हे कळल्याशिवाय दुसऱ्या थाळीवर तरी विश्वास कसा ठेवू?"

२

मावशी आधी बाकावर जाऊन बसली. वाचनालयातली बाई पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालत होती. शेजारी आणखी पुस्तकांची चळत होती.

"परवाच्या आत एवढी संपवायचीत," ती म्हणाली. "माझ्या जागी जी येईल तिला कव्हरं घालता येत नाहीत. कोपरे मोकळे सोडते."

"तुमच्या जागी म्हणजे? परत यायचं नाही का?"

"यायचंय हो. लेकीला तर मी प्रशिक्षणाला चाललेय असं सांगितलंय. विचारते कशी, कसलं प्रशिक्षण? म्हटलं, पुस्तकांची पानं गळायची थांबवायचं." ती हसली, मग कागदाची तीच घडी तिनं पुन्हा एकदा घातली. "जरा इथे बोट धरता?"

मावशीनं कोपऱ्यावर बोट दाबून धरलं. कव्हर नीट बसेपर्यंत तिनं ते हलवलं नाही.

वर प्रयोगशाळेत ठमीचा मदतनीस संशोधक वाट पाहत होता. बंद पडलेल्या पंख्याशीही हुज्जत घालील असा हा तरुण, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"मावशी, बाटली मी घेतलेली नाही. आणि घेतली असं क्षणभर गृहीत धरलं, तरी मी ती का घेईन?"

"मी अजून बसलेसुद्धा नाही रे."

तो ओशाळला. त्यानं खुर्ची पुढे केली.

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

"दारामागच्या खिळ्याला. सगळ्या जगाला माहीत आहे. पण गंमत अशी, की शेजारी नवी सीलबंद बाटली होती, तिला हात लावलेला नाही. गेली ती मुदत संपलेली. तळाला गेली होती, फेकायचीच होती."

"आणि अंधाराच्या खोलीत कोण कोण जातं?"

"फक्त नाना. आमचे जुने तंत्रज्ञ. दिव्याच्या पेटीतून थाळी काढायची आणि उजेड ओसरायच्या आत यंत्रात सरकवायची, हे त्यांच्याइतकं झटपट कुणाला जमत नाही. आम्ही बाहेर पडद्यावर आकडे बघतो. ती खोली म्हणजे नानांचं राज्य. तिथलं स्टूल वीतभर सरकलं तरी महाभारत. परवा मी सरकवलं, तर नडगीला लागलं म्हणून दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी."

"लागलं तर चिडणारच माणूस."

"अहो, पण लाल दिवा असतो तिथे. मंद असला तरी स्टूल दिसतं की. हल्ली बिनसलंयच त्यांचं काहीतरी. ऊन उतरलं की काकू फाटकाशी हजर, आणि दोघं हातात हात घालून घरी. या वयात, मावशी."

"तुझ्या पोटात का दुखतंय?"

वकील हसला. मावशी गुणगुणायला लागली. तिनं काहीच विचारलं नाही. असं कुणी शेजारी बसून देवाचं नाव घेत राहिलं की मनातलं फार वेळ मनात राहत नाही.

"मला दुसरीकडे नोकरीचं बोलावणं आलंय," तो हळूच म्हणाला. "मॅडमना सांगितलं नाही अजून. तोंडच उघडत नाही. आमच्याकडे ते औषध कंपनीचे साहेब येतात ना, त्यांनीच ओळख काढून दिली."

"फुकट?"

"काजव्यांचा थोडा नमुना मिळेल का, असं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. देवाशपथ नाही म्हटलं."

"कधी विचारलं?"

वकिलानं खाली पाहिलं. "बाटली गेली, त्याच आठवड्यात."

३

कंपनीचे साहेब बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांच्या बुटांत छताचा पंखा दिसत होता. येईल त्याला पेन भेट द्यायची त्यांना सवय होती, मावशीलाही दिलं.

"नमुना मागितला, खरं आहे," ते शांतपणे म्हणाले. "आमचा धंदाच मागण्याचा. पण मावशी, चोरायचंच असतं तर मी नवी बाटली सोडून मुदत संपलेली कशाला नेईन? तिच्यातल्या काजव्यांचे गळ कधीच बोथट झाले. ते आता कुणाला पकडत नाहीत, नुसते चमकतात."

"नुसते चमकतात," मावशी स्वतःशीच म्हणाली. "आणि नानांचं काय हो?"

"देवमाणूस. पण विचित्र. सकाळी रस्त्यापलीकडून हाक मारतील. परवा संध्याकाळी फाटकापाशी मी समोर उभा राहून हात केला, तर ओळखसुद्धा दाखवली नाही. दिवसाचे नाना वेगळे, संध्याकाळचे वेगळे. रात्रीच्या जेवणाला किती वेळा बोलावलं, एकदा आले नाहीत. माझं काही चुकलं असेल तर विचारा बरं त्यांना."

मावशीनं ते पेन पिशवीत टाकलं आणि ती नानांकडे निघाली. अंधाराच्या खोलीकडे जाणारी वाट चिंचोळी आणि काळसर होती, पण माणूस ओळखू येण्याइतका उजेड होता. समोरून पांढरा कोट घातलेले एक वयस्क गृहस्थ भिंतीला हात लावत येत होते. मावशी बाजूला व्हायच्या आत ते थेट तिच्या पिशवीवर आदळले.

"कोण आहे? वाटेत कुणी सामान ठेवलंय?"

"सामान नाही, मी आहे."

"अरे देवा. माफ करा हं बाई. विचारात होतो."

त्यांच्या बाहेरच्या टेबलावर खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. तिथे बसल्याबरोबर नाना बदलले. मावशीच्या छत्रीची एक काडी वाकलेली त्यांनीच दाखवली आणि चिमट्यानं सरळही करून दिली. टेबलावर सगळं जागच्या जागी होतं: चिमटे, मऊ फडकी, नखांना लावायच्या बिनरंगी पॉलिशची बाटली.

"हे कुणाचं?"

"प्रयोगशाळेचंच. काचेच्या कडा चिकटवायला बरं पडतं." नानांनी बाटली जरा मागे सरकवली. "अंधाराचं काम म्हणजे बाई, जपाच्या माळेसारखं. बोटांना सवय लागते."

"हरवलेल्या बाटलीबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

नाना उन्हाकडे बघत राहिले. "फेकायचीच होती ना ती," ते म्हणाले. "तिच्यापायी एवढ्या लोकांना त्रास."

मावशी ठमीकडे परतली. "एक काम कर. काहीही न भरता, नुसती कोरी थाळी नानांकडे दे. रक्त नको, पाणी नको, काजवे नकोत."

"त्यानं काय कळणार?"

"दे तर."

थाळी आत गेली. दोघी पडद्यासमोर बसल्या. आकडे उमटायला लागले आणि ठमीचा हात मावशीच्या मनगटावर घट्ट आवळला.

रिकाम्या पहिल्या घरात दिवा लागला होता.

४

नाना चहाला उन्हात जाऊन बसले, तशा दोघी त्यांच्या खोलीत शिरल्या आणि ठमीनं पांढरा दिवा लावला.

"आमच्या नोकरीत एक नेम होता," मावशी म्हणाली. "तराजू खोटा निघाला की दुकानदाराचं बखोट धरायचं नाही. आधी पारडं पालथं करायचं. पुष्कळदा खाली मेणाचा थेंब चिकटलेला असतो, आणि बिचाऱ्या दुकानदाराला त्याचा पत्ताही नसतो. ही थाळी कशात बसवता तुम्ही?"

ठमीनं काळी चौकट पुढे केली. थाळी दर वेळी नवी, पण चौकट तीच. मावशीनं थाळी उचलली. पहिल्या घराच्या बरोबर खाली, चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, काहीच दिसत नव्हतं. तिनं तिथून बोट फिरवलं. बोटाला एक गुळगुळीत फुगवटा लागला. तिनं चौकट नाकाशी नेली. नखांच्या पॉलिशचा वास. ती हसली, आणि गुणगुणण्याचा सूर चढला.

"दिव्याखाली धर. आता सगळे दिवे घालव."

अंधारात त्या कोपऱ्यात एक हिरवट चांदणी उमलली. आपल्याच उजेडात शांत बसलेली.

"काजवे," ठमी पुटपुटली. "म्हणजे बाटली नानांनी? मावशी, माझ्या हाताला धरून शिकवलं गं त्यांनी मला. आणि माझंच काम बुडवायला…"

"घाई करू नकोस. बुडवायचं असतं तर आज एका घरात, उद्या दुसऱ्या घरात टाकलं असतं. शिवाय मुदत संपलेलं कशाला घेतलं असतं? हे घेणाऱ्याला गळ नको होते, नुसता उजेड हवा होता. आणि तोही फेकायच्या मालातला, कुणाचं नुकसान नको म्हणून. ही चौकट यंत्रात कुठूनही सरकते ना?"

"हो. उलटी गेली तर पहिला माणूस शेवटचा होईल. म्हणून बाजू बघूनच सरकवावी लागते. पण लाल दिव्यात ती दिसते की."

"तुला दिसते." मावशीनं पांढरा दिवा लावला. "सरकवलेलं स्टूल नडगीला लागतं. सकाळी लांबून ओळखणारा माणूस संध्याकाळी तोंडासमोर ओळखत नाही. काळोख्या वाटेत माझ्यासारखी भरभक्कम बाई सामान वाटते. बायको ऊन उतरता उतरता न्यायला येते, आणि हात धरते तो लाडानं नव्हे. ठमे, उन्हात त्यांनी माझ्या छत्रीची वाकडी काडी बघितली. दिवसा त्यांची नजर चांगली आहे. पण ज्या खोलीचे ते राजे, त्या खोलीत त्यांना काही दिसत नाही."

५

नाना अंगणात उन्हाकडे तोंड करून बसले होते. मावशी शेजारी बसली आणि तिनं चौकट त्यांच्या हातात ठेवली. नानांचं बोट आपसूक त्या कोपऱ्याकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"वर्ष होत आलं." नाना म्हणाले. "आधी वाटलं, चष्म्याचा नंबर. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. बाई, अंधारात ज्याला दिसत नाही त्याला अंधाराच्या खोलीत कोण ठेवील? मला दुसरं येतंय काय?"

"म्हणून ठिपका."

"आधी बाहेरच्या कडेला लावला होता. हातमोज्यानं घासून जायचा. मग तीनेक आठवड्यांपूर्वी आत लावला. काचेतून दिसतो आणि हात लागत नाही. पॉलिशमध्ये काजवे कालवून एक हात लावला, दिसेना. दुसरा दिला, दिसेना. थर देत गेलो, तेव्हा कुठे जेमतेम दिसायला लागला." त्यांनी मान वर केली. "पण एवढ्याशा मिणमिण्या ठिपक्यानं कुणाचं काय बिघडलं?"

एवढं मात्र गोड करून सांगता येण्यासारखं नव्हतं.

"नाना, तुम्हाला जेमतेम दिसतो. यंत्राचे डोळे तुमच्यासारखे नाहीत. त्याला तो पेटलेला पलिता दिसतो. पहिल्या घरात ज्याचं रक्त येईल, त्याला यंत्र रोगी ठरवतं. काल तुम्ही सरकवली ती थाळी पाण्याची होती. तीही रोगी निघाली."

नानांच्या हातातली चौकट मांडीवर आली. आत्तापर्यंत त्यांनी आपल्याच डोळ्यांनी यंत्राचे डोळे मोजले होते. हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. पुढचं विचारायला लागला.

"कुणाचं होतं रक्त? आमच्याकडे नुसते नंबर येतात."

मावशीनं पलीकडच्या बाकाकडे बोट केलं. "परवा सकाळी ऑपरेशन आहे त्यांचं."

ऊन होतं, म्हणून नानांना ती बाई स्पष्ट दिसली. तिची खाली घातलेली मान, कागद दुमडणारे हात. ते उठले.

"डॉक्टरांना फोन लावायला सांगा मॅडमना. आधी तो लावा. माझी चौकशी नंतर करा, हवी तेवढी."

"चौकशी झाली माझी," मावशी म्हणाली. "पण फोनवर डॉक्टर विचारतील, रोग नाही हे कशावरून? ठिपका खोटा निघाला, म्हणून ती सावली खरी नाही असं होत नाही, नाना. अजून काहीच ठरलेलं नाही."

६

वाचनालयातल्या बाईचं रक्त नव्यानं घेतलं गेलं. ठमीनं कोरी चौकट काढली. वकील कुठूनशी कानस घेऊन आला आणि चौकटीच्या एका बाहेरच्या कोपऱ्याला त्यानं खोल खाच पाडली.

"हे काय?" ठमीनं विचारलं.

"हातमोज्यातूनही लागते. करून बघितलंय मी. एवढ्या साध्या गोष्टीसाठी नानांनी कधीच सांगायला हवं होतं, असा माझा युक्तिवाद आहे." आणि मग मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, मलाही एक सांगायचं होतं."

"आधी थाळी, मग तुझी नोकरी," मावशी म्हणाली. ठमीनं चमकून दोघांकडे पाहिलं.

ठमी नानांसमोर उभी राहिली. "थाळी कोण सरकवणार?"

"मी नको, मॅडम."

"नाना, उजेड ओसरायच्या आत ती आत जायला हवी. तेवढी चपळाई माझ्या हातात नाही, तुम्हीच म्हणता नेहमी. फक्त या वेळी मी तुमच्या शेजारी उभी राहणार. आणि डोळ्यांचं जे काही आहे, ते आता या खोलीत सगळ्यांना माहीत आहे."

चौघं आत गेले. आधी रोगाचा खात्रीचा नमुना असलेली थाळी सरकवली. तिचा आकडा उसळी मारून वर गेला. म्हणजे नवे काजवे चोख होते. मग त्या बाईची थाळी. तिचं रक्त ठमीनं मुद्दाम पहिल्या घरात भरलं होतं, आणि मधल्या एका घरातही.

नानांची बोटं चौकटीवरून फिरली, खाच सापडली. पेटीतून यंत्रात जायच्या आधी ठमी म्हणाली, "एक क्षण. मला डोळ्यांनीही बघायचंय. लाल दिवा घालवा."

वकिलानं दिवा घालवला. चौघं त्या काळोखात थाळीवर वाकले. श्वास ऐकू येत होते. मावशी मनातल्या मनात देवाला म्हणाली, आजवर तुझ्याकडे उजेडच मागितला, आज अंधार दे.

"काय दिसतंय?" नानांनी कुजबुजत विचारलं. "पहिल्या घरात काय दिसतंय? सांगा ना कुणीतरी."

"काही नाही, नाना," मावशी म्हणाली. "कुणालाच काही दिसत नाही."

नानांनी थाळी झटकन यंत्रात सरकवली. बाहेर आकडे उमटले. पहिल्या घरात शून्याच्या आसपास, मधल्या घरातही तेवढंच. ठमी फोनकडे धावली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही आकडे पुन्हा म्हणून घेतले, आणि ऑपरेशन रद्द केलं. सावलीवर नजर ठेवू, काही महिन्यांनी परत बघू, आणि त्या तीन आठवड्यांत पहिल्या घरात जे जे आले त्या सगळ्यांना पुन्हा बोलवा, म्हणाले.

"मी सांगतो त्यांना," नाना म्हणाले. "चूक माझी, सांगणंही माझंच."

ऊन उतरत आलं होतं. फाटकाशी नानांची बायको येऊन उभी होती. मावशी जिन्याच्या तोंडाशी थांबली. नाना कठडा धरून अंगणात उतरले आणि बाकाच्या अंदाजानं चालत गेले. काय बोलले ते वरपर्यंत ऐकू आलं नाही. ते बराच वेळ बोलत होते. बाईनं एकदा तोंडावर हात ठेवला, मग काढला. नाना हात जोडून उभेच होते.

ती रागावली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. शेवटी जरा सरकून तिनं बाकावर जागा केली. नानांना ते दिसलं नाही, म्हणून त्यांचा हात धरून तिनं त्यांना बसवलं.

"एवढं एक पुस्तक राहिलंय," ती म्हणाली. "जरा इथे बोट धरा. घट्ट. कोपरा मोकळा राहायला नको."